सत्तावन्नचा उठाव आणि चित्रकारांचा कुंचला

१८५८ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात जोसेफ नोएल पेटन या स्कॉटिश चित्रकाराचे ‘इन मेमोरियम’ हे चित्र मांडण्यात आले. तळघरात भीतीने एकवटलेल्या इंग्रज स्त्रिया व मुले, मध्यभागी बायबल हाती धरलेली एक स्त्री, आणि मागील दारातून आत घुसणारे हिंदी शिपाई, असा तो देखावा होता. पुढे काय होणार, हे प्रेक्षकाने मनातच जाणावयाचे. परंतु कानपूरच्या बिबीघरातील हत्याकांडाला पुरते वर्षही लोटले नव्हते. इंग्रज प्रेक्षकांना ते दृश्य सोसवेना. टीकेचा गदारोळ उठला. तेव्हा पेटनने दारातील शिपाई पुसून टाकले व त्यांच्या जागी हायलँडर पलटणीचे सैनिक रंगविले. तळघर तेच, स्त्रिया त्याच. दारातील माणसे तेवढी बदलली आणि संहाराचे चित्र सुटकेचे झाले! त्या सैन्याने नंतर आरंभिलेले सूडसत्र मात्र दारापलीकडेच राहिले.

कॅमेरा तरी निःपक्षपाती असेल, असे कोणास वाटेल. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ च्या वसंतात लखनौला पोहोचला. सिकंदरबागेतील लढाई आदल्या नोव्हेंबरातच होऊन गेली होती. तरीही त्याच्या छायाचित्रात भग्न वास्तूसमोरच्या अंगणात सांगाडे विखुरलेले दिसतात. छायाचित्रासाठी ती हाडे मुद्दाम उघडी करण्यात आली, असे तत्कालीन ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आठवणींत नमूद आहे. मृत शिपायांना एकही चित्रकार लाभला नव्हता. त्यांची अस्थी तेवढी प्रतिमेस उपयोगी पडली.

ही उणीव एका रशियनाने काही अंशी भरून काढली. वासिली वेरेश्चागिन याने १८८४ च्या सुमारास तोफांच्या तोंडी बांधलेल्या हिंदी माणसांची रांग रंगविली. सैनिकांचे गणवेश मात्र त्याने आपल्या काळातले दाखविले. ही चूक मानावी, की अशी शिक्षा जुन्या काळाबरोबर संपली नाही हे त्याला सुचवावयाचे होते? १८७२ साली पंजाबात कुका पंथीयांना तोफेच्या तोंडी दिले गेले होते, हे ध्यानी घेता दुसरा तर्कच अधिक पटतो. १८८७ साली हे चित्र लंडनमध्ये पाहून इंग्रज संतापले. मूळ चित्र आज कोठे आहे याचा पत्ता नाही. त्याच्या प्रतिकृती तेवढ्या उरल्या आहेत.

आणि हिंदी कलावंत? दडपशाहीच्या त्या काळात उठावकर्त्यांची बाजू उघडपणे चितारणे सोपे नव्हते. येथे लेखणीच कुंचल्याच्या आधी धावली. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या दिवसांत झांशीतच होते. पुरुषी वेषात, दत्तक पुत्राला पाठीशी बांधून किल्ल्याबाहेर पडणारी लक्ष्मीबाई त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये भेटते. हे पुस्तक छापून निघाले १९०७ साली. पुढे घरोघरच्या भिंतींवर आलेल्या रंगीत चित्रांतली राणीही तशीच आहे: घोडा, उगारलेली तलवार, पाठीशी मूल. तिच्या मागे दार नाही, तळघरही नाही. मोकळे रान आहे.