पायाळू बाळ आणि छत्तिसावा आठवडा
(वार्षिक सभेतील भाषणाचा सारांश)



पायाकडून जन्मलेल्यास आपण ‘पायाळू’ म्हणतो. त्याचा पाय लागला की पाठीतील उसण जाते, अशी जुनी समजूत आहे. समजुतीतला पायाळू मोठा झालेला असतो. प्रसूतिगृहात मात्र त्याचा जन्मच कसोटीचा ठरतो. डोके हा बाळाचा सर्वांत मोठा व कठीण भाग. ते शेवटी आले आणि अडकले, तर डॉक्टरांच्या हाती मोजकी मिनिटेच उरतात.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुमारे पाव हिस्सा बाळे अशीच असतात. बहुतेक आपणहून फिरतात. पूर्ण दिवसांत शेकडा ३ ते ४ उरतात. म्हणून सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीने घाबरू नये, आणि तिच्यावर विसंबूनही राहू नये. छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा तपासणी हवीच. त्या सुमारास पोटावरून हाताने बाळ फिरविता येते व साधारण निम्म्या वेळा यश येते. परंतु हे काम शस्त्रक्रियागृह सज्ज असेल तेथेच व्हावे. घरी सुईणीकडून पोट चोळून घेऊ नये, वार सुटण्याचा धोका असतो.

‘सिझेरियन कशाला?’ हा प्रश्न आम्हांस बिलाच्या खिडकीवर नेहमी ऐकावा लागतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हांस आकडे पटतात. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतील २,०८८ स्त्रियांच्या अभ्यासात, नियोजित सिझेरियनमध्ये बाळाचा मृत्यू वा गंभीर इजा शेकडा १.६, तर नियोजित नैसर्गिक प्रसूतीत शेकडा ५ आढळली. अनुभवी हातांखाली काही निवडक प्रसूती नैसर्गिकही होतात. शिवाय सिझेरियनचा व्रण पुढच्या बाळंतपणात जपावा लागतो. तेव्हा निर्णय डॉक्टरांचाच, पण कुटुंबाशी बोलून.

वीरला रेल्वे आणि महामार्ग दोन्ही आहेत. पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांना नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील पूल वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली होते. अशा रात्री कळा सुरू झाल्या आणि बाळ पायाळू आहे हे तेव्हाच समजले, तर कोणतीही देणगी उपयोगी पडत नाही. छत्तिसाव्या आठवड्यातील सोनोग्राफी आणि येण्याजाण्याचे भाडे मात्र देणगीतून निश्चित भागते. देणगीदारांनी या खर्चासाठी स्वतंत्र निधी द्यावा, ही विनंती. आणि आप्तेष्टहो, पावसाळ्यात दिवस भरत असतील व बाळ फिरलेले नसेल, तर सुनेला, लेकीला तारखेच्या दोन आठवडे आधीच महाडनजीकच्या नातलगांकडे आणून ठेवावे. येताना तपासणीचे सर्व कागद सोबत असावेत.