वावडं मोजणारा उजेड

ॲलर्जीला आपल्याकडं जुना शब्द आहे, वावडं. कुणाला वांग्याचं वावडं, कुणाला मासळीचं. हल्ली मात्र हे वावडं रक्ततपासणीच्या कागदावरून घरात येतं. ‘आयजीई’ या अक्षरांपुढं एक आकडा असतो, शेजारी ‘जास्त’ अशी खूण असते, आणि त्या दिवसापासून लेकराचं दूध बंद, अंडं बंद, शेंगदाण्याचा लाडू बंद. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आज एका चाचणीच्या निमित्तानं पाहू.

१९२१ मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ यांनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांचे सहकारी क्युस्टनर यांना शिजवलेल्या मासळीचं वावडं होतं. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. गांधी उठली! वावड्याचं कारण रक्तात असतं, हे ठरलं. ते कारण म्हणजे कोणतं द्रव्य, हे कळायला मात्र १९६६-६७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. तेच हे आयजीई नावाचं प्रतिपिंड.

ते रक्तात अगदी थोडं असतं. मिलिलिटरला शंभर युनिट म्हणजे फक्त २४० नॅनोग्रॅम, आणि नॅनोग्रॅम हा ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढंसं द्रव्य शोधायचं तर त्याला अचूक पकडणारा रेणू हवा आणि पकडल्याची वर्दी देणारी खूण हवी. नेहमीच्या चाचण्यांत पकडण्याचं काम दुसरं एखादं प्रतिपिंड करतं. त्याऐवजी डीएनएचा छोटा तुकडा वापरता येतो. त्याला म्हणतात ॲप्टॅमर.

डीएनएचा एकेरी धागा स्वतःभोवती दुमडून निरनिराळे आकार घेतो. अब्जावधी प्रकारचे असे धागे हव्या त्या रेणूबरोबर मिसळायचे, चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. उरलेल्यांच्या प्रती काढून पुन्हा तेच करायचं. सुपात धान्य पाखडावं, तसंच हे. ही युक्ती १९९० मध्ये अमेरिकेत बोल्डर आणि बोस्टन इथल्या दोन गटांनी प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये तिच्याच आधारे आयजीईला घट्ट चिकटणारा, अवघ्या ३७ दुव्यांचा तुकडा हाती आला. आयजीईला पेशींवर बसू न देणं, हा त्यामागचा विचार होता.

आता उजेडाकडं येऊ. या तुकड्याला चमकणारं रंगद्रव्य जोडतात. एकटा तुकडा हलका असतो, द्रवात भिंगरीसारखा गरगर फिरतो. आयजीई त्याच्यापेक्षा पंधरा-सोळा पट जड. त्याला चिकटला, की तुकड्याचं फिरणं मंदावतं. एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश त्यावर टाकला, की परत येणाऱ्या उजेडावरून फिरण्याचा वेग कळतो आणि वेगावरून आयजीईचं प्रमाण. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे करून दाखवलं.

असे तुकडे रसायनांतून तयार करता येतात, त्यासाठी प्राणी लागत नाहीत. अडचणीही आहेत. रक्तातली काही विकरं डीएनए कुरतडतात आणि इतर प्रथिनं उजेडात गोंधळ करतात. त्यामुळं रुग्णालयांतल्या नेहमीच्या तपासण्या आजही प्रतिपिंडांवरच चालतात.

पण खरा मुद्दा पुढं आहे. हा तुकडा आयजीईला शेपटीकडून धरतो. शेपटी सगळ्या आयजीईंची सारखीच. शेंगदाणा ओळखणारं आयजीई कुठलं आणि धुळीतला सूक्ष्म किडा ओळखणारं कुठलं, हे टोकाकडच्या भागावरून ठरतं, आणि तो भाग या तुकड्याला दिसत नाही. म्हणजे एकूण किती, ते कळलं. कशाचं, ते नाही कळलं. पोटात जंत झाले तरी आयजीई वाढतं. उलट एकूण आकडा साधारण असूनही एखाद्याला जिवावर बेतणारं वावडं असू शकतं. गाजरगवतानं कातडीवर उठणारा पुरळ तर बहुतांशी आयजीईची करणीच नसते.

एकेका पदार्थासाठी वेगळी तपासणी असते, पण तीही होकारार्थी आली म्हणजे वावडं सिद्ध झालंच, असं नाही. खाल्ल्यावर काय झालं, किती वेळानं झालं, पुन्हा तसंच झालं का, हे डॉक्टरांना सांगावंच लागतं. तो वृत्तांत आणि तो कागद एकत्र वाचायचे असतात. तेव्हा केवळ एकूण आकडा पाहून वाढत्या मुलाच्या ताटातलं काही काढून घेऊ नका. आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर ओठ सुजले, श्वास अडकू लागला, तर कागदाची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

यंत्राचा उजेड कितीही लख्ख झाला, तरी तो विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. प्रश्न नीट विचारणं आपल्याच हाती आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)