विद्यार्थी, मोबाइल आणि आपण

(मनमाड येथील गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



आज ज्या विद्यार्थ्यांचा येथे सत्कार झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु जे या व्यासपीठापर्यंत पोहोचू शकले नाहीत, त्यांच्याविषयी चार शब्द बोलणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

आपल्यांतील कित्येक मुलेमुली पदवीच्या शिक्षणासाठी रोज रेल्वेने नाशिकला जातात. मनमाड ते नाशिकरोड सुमारे 73 किलोमीटर. जाण्यायेण्यात अडीच-तीन तास सहज मोडतात. पूर्वी या प्रवासात मांडीवर पुस्तक असे. आता हातात मोबाइल असतो.

मोबाइलला सरसकट दूषण देणे आम्हांस मान्य नाही. 2020 सालच्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद पडली, तेव्हा हेच यंत्र वर्गही झाले आणि फळाही. प्रश्न यंत्राचा नसून वेळेचा आहे. किर्शनर व कार्पिन्स्की या संशोधकांनी 2010 साली 219 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत फेसबुक वापरणाऱ्यांनी सांगितलेले गुण आणि अभ्यासाचे तास, दोन्ही इतरांहून कमी भरले. एकामुळेच दुसरे घडले, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि पालकांनी सावध होण्यास एवढे पुरेसे आहे.

मागे आमच्याच घरातील मुलगा दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला. आम्ही मोबाइलवरून त्याला बोल लावला, तेव्हा तो नम्रपणे एवढेच म्हणाला, "आबा, रात्री अकरा वाजता ज्ञातीच्या व्हॉट्सअॅप समूहावर शुभेच्छा कोण पाठवीत असते?" आम्ही निरुत्तर झालो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास घरोघरी मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासास बसावयाचे. या उपक्रमाचे मर्म हे की, नियम मुलांपुरता नव्हता. वडीलधाऱ्यांनाही तो लागू होता.

आपले गाव रेल्वेचे. गाडीची वेळ पाळण्यास आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तीच शिस्त रात्री आठ ते साडेनऊ या वेळेला आपण लावून घेऊ या. आजपासून त्या वेळी आमचा मोबाइल कपाटात राहील. मुलांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस त्यानंतरच प्राप्त होईल.