कवला
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, छापण्यासाठी थोडं आवरून)



मला विषय दिला होता 'आयटीतली वीस वर्षं'. त्यात सांगण्यासारखं फार नाही, आणि आपल्यातले निम्मे जण त्याच धंद्यात आहेत. त्यापेक्षा ग्रुपवर गेल्या महिन्यात जे ठरत आलंय त्याबद्दल बोलते. मेळाव्याची आठवण म्हणून मसाई पठारावर एक हजार झाडं लावायची, असा विचार आहे. वर्गणीही जमायला लागली आहे. माझा त्याला विरोध आहे. झाडांना नव्हे, जागेला. का, ते गुडघ्यालाही न लागणाऱ्या एका रोपाच्या आधाराने सांगते.

त्याचं नाव कवला. कासला गेलेल्यांनी ते पाहिलंय, फक्त 'मिकी माउसचं फूल' म्हणून. पिवळंधमक फूल आणि वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके. शास्त्रीय नाव स्मिथिया हिरसूटा. स्मिथिया हे नाव जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून पडलं. लिनियसचा वनस्पतिसंग्रह विकत घेऊन १७८८ मध्ये लंडनची लिनियन सोसायटी स्थापन करणारे ते हेच. याच कुळातली दुसरी एक जात स्मिथिया आघारकारी. ती आपल्या पश्चिम घाटाखेरीज जगात कुठे नाही, आणि तिला नाव आहे मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. कोकणात, ठाणे-पालघरकडे स्मिथियाच्याच एका जातीची कोवळी पानं पावसाळ्यात भाजीला घेतात. तिलाही कवळाच म्हणतात. आपल्याकडे मात्र हे नाव विचारलं तर लोक 'कावळा' ऐकतात.

नववीत बाईंनी वाटाण्याचं फूल फोडून दाखवलं होतं. पतंगरूप फूल : मागे उभा ध्वज, बाजूला दोन पंख, खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या. कवल्याचं फूल तसंच. मधमाशी बसली की तिच्या वजनाने होडी खाली दबते आणि आतले पुंकेसर तिच्या अंगाला लागतात. वाटाण्यात दहा पुंकेसरांपैकी नऊ जुळलेले आणि एक सुटा असतो. कवल्यात पाच-पाचचे दोन गठ्ठे असतात. भिंगाखाली हे पाहताना मला जो आनंद झाला तो कुठल्याही रिलीजच्या दिवशी झालेला नाही.

शेंग तर त्याहून भारी. ती बाहेर लोंबतच नाही. फूल गळल्यावर निदलांच्या आत, बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या घड्या घालून बसते. प्रत्येक घडीत एक बी, आणि वाळल्यावर एकेक तुकडा सुटा होतो. मग रोप मरून जातं. पुढचे कित्येक महिने कवला म्हणजे जांभ्याच्या फटीत पडलेलं बी, बस्स. आपली पाहणी झाली एप्रिलमध्ये. ग्रुपवर फोटो आले, खाली लिहिलं होतं, 'एक झाड नाही, नुसता उजाड माळ.' खरंच काही दिसत नव्हतं. सगळं खाली होतं.

आता मुद्द्याची गोष्ट, नत्राची. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. कवल्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हेच काम साध्या तापमानाला करतात. ज्या विकराने ते होतं ते ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून गाठीत आपल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद असलेला एक पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो. जिवंत गाठ कापली की आतून गुलाबी दिसते ती त्यामुळे.

सड्यावर माती बोटभर, आणि पाऊस तीही धुऊन नेतो. नत्राची कायमची टंचाई. तिथे कवला जिवाणूंशी भागीदारी करतो, आणि शेजारचा दवबिंदू चिकट पानांवर किडे पकडून नत्र मिळवतो. सीतेची आसवं म्हणतो ती निळी-जांभळी फुलंही कीटकभक्षीच, त्यांचे सापळे मातीखाली. टंचाई आहे म्हणूनच ही मंडळी तिथे टिकली. माती सुपीक झाली की उंच गवत आणि झुडपं येतात, सावली पडते आणि यांचा कारभार संपतो.

आणि आपण लावणार काय? यादीत ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प आहे, कारण ती जगतात. दोन्ही कवल्याचेच नातेवाईक, म्हणजे नत्र साठवणारी! जेसीबीने जांभा फोडायचा, ट्रकने लाल माती आणून खड्डे भरायचे. ज्या पातळ थरावर पावसाळ्यात पाणी साचून फुलं येतात तो थरच आपण फोडणार.

सातबारावर अशा जमिनीला 'पोटखराबा' लिहितात. पीक येत नाही, सारा नाही, म्हणून खराब. महसुलाच्या हिशेबाने ते ठीकच आहे. पण तोच शब्द आपण डोक्यात घेऊन फिरतो. शाहूवाडी, राधानगरीतले सडे बॉक्साइटसाठी खोदले गेले तेव्हा ओरड कमी झाली, त्यामागे हा शब्दही आहे असं मला वाटतं. डॉ. श्रीरंग यादव आणि सरदेसाई यांचं 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट' शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये छापलं. ते चाळलं तरी हा जिल्हा किती भरलेला आहे ते कळतं.

आपल्यातले बरेच जण जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला जातात. वाट मसाई पठारावरूनच आहे. त्या दिवसांत कवल्याची रोपं नुकती वर आलेली असतात, फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा मळलेली वाट सोडू नका, एवढी विनंती.

वर्गणीबद्दल माझी सूचना अशी : झाडं लावूच, पण शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत आणि रस्तारुंदीत जिथली तुटली तिथे. वड, जांभूळ, करंज. उरलेल्या पैशांतून शाळेला वीस चांगली भिंगं घ्यावीत आणि दरवर्षी नववीच्या वर्गाला एक दिवस पठारावर न्यावं. यंदा गणपतीनंतरच्या रविवारी मी जाणार आहे. सकाळी सातला निघू, कारण ऊन चढलं की मुलं कंटाळतात. गाड्या पायथ्याशी लावायच्या. यायचं असेल त्यांनी जेवायच्या आधी माझ्याकडे नाव द्या, नंतर मी सापडणार नाही.