घड्याळाची पारख

नवे घड्याळ घ्यावयास गेलेला मनुष्य प्रथम तबकडी पाहतो, मग ते कानाशी नेऊन टिकटिक ऐकतो आणि शेवटी किंमत विचारतो. एवढ्यावरून घड्याळ देखणे आहे, चालू आहे आणि परवडणारे आहे, इतके कळते. ते मजबूत आहे की नाही, हे कळावयास मात्र त्याच्या संगतीत काही वर्षे काढावी लागतात.

बेळगावकडच्या एका बस-कंडक्टराचे उदाहरण घ्यावे. त्याच्या मनगटावर एच. एम. टी.चे ‘जनता’ घड्याळ असे. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरूस मनगटी घड्याळांचा कारखाना काढला, आणि रोज किल्ली द्यावयाचे हे साधे घड्याळ पुढे सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आले. कंडक्टराने ते नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतले आणि निवृत्तीपर्यंत वापरले. त्याच्या पश्चात ते मुलाकडे आले, तेव्हा बंद पडलेले होते. दुरुस्तीवर पैसे घालावेत, की वडिलांची आठवण म्हणून खणात ठेवून द्यावे, असा मुलास प्रश्न पडला. शेवटी तो पेठेतील एका वृद्ध घड्याळजीकडे गेला.

घड्याळजीने आधी ते बाहेरूनच न्याहाळले. पितळी कवचावरचा क्रोमचा मुलामा पट्ट्याजवळच्या कडांवर उडून आतील पिवळा रंग दिसत होता. मागचे झाकण पोलादी असल्यामुळे इतक्या वर्षांच्या घामानेही त्यास काही झाले नव्हते. काच प्लॅस्टिकची. तिच्यावर असंख्य चरे होते, पण तडा एकही नव्हता. बसच्या दांडीवर रोज हात आपटत असता खरी काच कदाचित फुटली असती. ही काच चरे सोसते, फुटत नाही, आणि चरे घासून काढता येतात. म्हणजे जो भाग प्रथमदर्शनी हलका वाटावा, तोच येथे उपयोगी पडला होता.

मग त्याने झाकण उघडले. घड्याळाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चक्राची आस. तिची टोके केसाइतकी बारीक असतात. घड्याळ हातातून पडले की प्रथम तीच मोडावयाची. म्हणून ती टोके ज्या खड्यांत फिरतात ते खडे बारीक स्प्रिंगवर बसविलेले असतात. धक्का बसला की खडा किंचित सरकतो व पुन्हा जागेवर येतो. तबकडीवरील ‘पॅराशॉक’ या शब्दाचा अर्थ एवढाच. असे घड्याळ तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. इतकी झीज सोसण्यासाठीच कृत्रिम माणकांचे सतरा खडे घातलेले असतात. साध्या किल्लीच्या घड्याळास तेवढे पुरेसे होतात. अधिक खडे म्हणजे अधिक उत्तम घड्याळ, ही समजूत बरोबर नव्हे.

घड्याळजीने दोषही लपविला नाही. हे घड्याळ पाण्याचे नव्हे. किल्लीच्या दांड्यावाटे दमट हवा आत शिरते व पावसाळ्यात काचेखाली वाफ धरते. कंडक्टरास हे ठाऊक असावे. मुसळधार पावसात तो घड्याळ काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवी, हे मुलास आता आठवले. लहानपणी त्याला ती वडिलांची चिक्कूवृत्ती वाटली होती.

वेळेच्या बाबतीतही वडिलांची एक रीत होती. सकाळी किल्ली देताना रेडिओच्या ठोक्यांवर ते घड्याळ ताडून पाहत. अर्धे मिनिट पुढे असले तरी त्यांची तक्रार नसे, मात्र रोज तितकेच पुढे हवे. घड्याळजीस ही रीत पटली. जे घड्याळ नेमाने पुढे जाते ते काट्याच्या किंचित फेराने सुधारता येते. जे आज पुढे व उद्या मागे जाते, त्याच्या पोटात काही बिघाड असतो.

बिघाड या घड्याळातही होता, पण तो तेल वाळल्याचा. भाग एकही मोडलेला नव्हता. स्क्रू सोडवून सर्व चक्रे धुऊन पुन्हा तेल दिले की ते चालणार होते.

पुढे बॅटरीच्या घड्याळांनी बाजार व्यापला. वेळ दाखविण्यात ती किल्लीच्या घड्याळापेक्षा निःसंशय अचूक. २०१६ साली केंद्र सरकारने एच. एम. टी.ची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तरीही तिचे एक घड्याळ पेठेतील एक म्हातारा कारागीर, एक भिंग आणि चार हत्यारे यांच्या बळावर पुन्हा उभे राहू शकते. बांधणीची खरी कसोटी हीच म्हणावी लागेल. न बिघडणारी वस्तू मनुष्याने अद्याप बनविलेली नाही. बिघडल्यावर उघडता यावी, समजावी आणि सुधारता यावी, इतके तिच्याकडून मागता येते. अर्थात, ते उघडणारा घड्याळजी पेठेत असेतोवरच या मागणीला अर्थ आहे.

आठ दिवसांनी मुलगा घड्याळ घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी किल्ली द्यावयास विसरला आणि ते दुपारी बंद पडले. तेव्हापासून रेडिओचे ठोके पडू लागले की त्याचा हात आपोआप मनगटाकडे जातो.