नववीच्या वर्गात काय चालले आहे?



मंडळाने आम्हाला विषय दिला होता दहावीनंतर काय. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा अधिक जाणतात. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण बी. ए. पर्यंत. म्हणून पदाधिकाऱ्यांच्या परवानगीने आम्ही विषय एक वर्ष मागे आणला आहे. नववीच्या वर्गात मुलाला काय शिकवितात हे त्याच्या आईवडिलांना कसे कळावे, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

हा विषय आम्हाला काउंटरवर सुचला. नववी-दहावीतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2012 साली सुरू झाली. तिच्यासाठी बँकेत खाते लागते, त्यामुळे शाळा सुरू झाल्या की पालक मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. एके दिवशी कर्जतजवळच्या एका गावातून एक बाई मुलीला घेऊन आल्या. बाई अंगठा उठविणाऱ्या. आम्ही फॉर्म भरत होतो आणि मुलगी आईला हळू आवाजात बचत खाते आणि मुदत ठेव यांतला फरक सांगत होती. तोही बरोबर! आम्ही विचारले, "बाळ, हे कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "गणितात धडा आहे, अर्थनियोजन." त्यावर आई म्हणाल्या, "साहेब, गणितात बँकेचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं गणित म्हणजे बेरजा-वजाबाक्या."

त्या बाईंना कुणी सांगितले नव्हते, हे समजण्यासारखे आहे. पण आम्हाला तरी कुठे ठाऊक होते? आमचा मुलगा त्याच्या दोन वर्षे आधी नववीला होता. त्या संध्याकाळी माळ्यावरून त्याची जुनी पुस्तके काढली. गणित भाग पहिला, सहावा धडा, अर्थनियोजन. बचत, गुंतवणूक, आयकराची गणिते. वीस वर्षे आम्ही जे काम करून पोट भरतो ते आमच्याच मुलाच्या पुस्तकात छापलेले, आणि आम्हाला त्याचा पत्ता नाही. मग त्याची वही उघडली. ती तिसऱ्या धड्यापाशी, बहुपदींपाशी संपली होती. पुढची पाने कोरी. वार्षिक परीक्षेत तो गणितात नापास झाला तेव्हा आम्ही त्याला नको नको ते बोललो होतो. ती वही दिवाळीच्या आत बंद पडली होती आणि आम्हाला ते मार्चअखेर कळले, तेही नुसत्या आकड्यात. वर्षभरात शाळेकडून दोन चिठ्ठ्या आल्या होत्या, एक फीची आणि एक सहलीची. शाळेला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकतो, परंतु वर्षभरात आम्हीही शाळेची पायरी एकदाच चढलो होतो.

आता कायद्याकडे वळू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत असे स्पष्ट आहे की शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत व झालेली प्रगती त्यांना सांगावी. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरविले. परंतु हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीचा उंबरठा ओलांडला की हे कर्तव्य त्या कायद्यात राहत नाही. पूर्वी आठवीपर्यंत नापासही करीत नसत. 2019 ची केंद्राची दुरुस्ती आणि त्यानंतर 2023 साली महाराष्ट्राने केलेले नियम यांमुळे पाचवी व आठवीला परीक्षा आली, तरी खरी चाळण नववीतच लागते हे आपण सर्व जाणतो. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीत मुले गाळतात अशी कुजबुज आपण सर्वांनी ऐकली आहे. अशा वर्षी पालक सर्वांत जास्त अंधारात असावा, हे आम्हाला बरोबर वाटत नाही.

याला आपल्या भागात आणखी एक कारण आहे. जिल्हा परिषदेची शाळा गावातच असते. गुरुजी पारावर भेटतात, एस.टी.त भेटतात, मुलगा कसा आहे ते सहज कळते. नववीसाठी मात्र अनेक गावांतून कर्जत, नेरळ, कशेळे, चौक, खोपोली अशी वाट धरावी लागते. तिथे प्रत्येक विषयाला वेगळे सर, वेगळ्या बाई. पालकाला त्यांतल्या एकाचाही चेहरा ओळखीचा नसतो. वडील पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री परततात. आई शेतावर किंवा कामावर. आदिवासी वाड्यांतील कुटुंबे तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्या मुलांचे दुसरे सत्रच बुडते. त्या प्रश्नावर स्वतंत्र बोलावे लागेल.

कुणी म्हणेल, पालकांना कळवून उपयोग काय? त्यांना ते समजणार आहे का? आमचा सगळा मुद्दा इथेच आहे. व्यासपीठावरून नेहमी रामजी सुभेदारांचे उदाहरण देतात. परळच्या चाळीतली एक खोली, पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठविणारा बाप, लेकीचे दागिने गहाण ठेवून आणलेली पुस्तके, आणि 1907 साली मॅट्रिक झालेला भीमराव. उदाहरण मोठे आहे यात शंका नाही. पण रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. हे उदाहरण ऐकून अंगठा उठविणारी आई मान खाली घालते आणि आपले हे काम नव्हे असे समजते. वस्तुतः तिने बीजगणित समजून घ्यावे असे कोण म्हणतो? कोणता धडा चालू आहे एवढे तिला कळले तरी खूप झाले. "अभ्यास केलास का?" या प्रश्नाला प्रत्येक मूल "हो" म्हणते. "आज भूगोलात कोणता धडा झाला?" याला "हो" म्हणून भागत नाही. धड्याचे नाव सांगावे लागते, आणि चार दिवस नाव सांगता आले नाही तर काहीतरी बिनसले आहे हे न शिकलेल्या आईलाही कळते. आमच्या घरी हा प्रश्न ऑक्टोबरात विचारला गेला असता तर वही कोरी राहिली नसती.

आणि समजणार नाही, हे तरी कशावरून? 2017 च्या जूनमध्ये नववीची नवी पुस्तके आली. आम्ही ती आता सबंध चाळली आहेत. भूगोलात वृष्टीचा धडा आहे, त्यात प्रतिरोध पाऊस येतो. वाऱ्याबरोबर आलेले बाष्प डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि अलीकडे बदाबदा कोसळते. आषाढात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्या आईला सह्याद्रीचा पाऊस कुणी शिकवावा? विज्ञानात कार्य आणि ऊर्जा आहे. खोपोलीला घाटावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खाली येते आणि त्यावर 1915 पासून टाटांची वीज होते. ते नळ येता-जाता पाहिलेला बाप मुलाला सांगू शकतो की वर साठलेले पाणी म्हणजे स्थितिज ऊर्जा आणि खाली धावणारे पाणी म्हणजे गतिज ऊर्जा. हे दोन शब्द मुलाने बापाला द्यावेत, नळ बापाने दाखवावेत. इतिहासात 1960 नंतरचा भारत आहे, आणीबाणी आहे. तो काळ आजोबांनी डोळ्यांनी पाहिला. पण धडा कधी चालू आहे हेच घरात कळत नाही, त्यामुळे आजोबांचे बोलणे एकीकडे आणि नातवाचे पाठांतर एकीकडे.

कोरोनाच्या काळात, 2020 च्या मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवरून घरात आला. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांचे फार हाल झाले, ते आम्ही विसरलेलो नाही. तथापि ज्यांच्या घरी तो होता तिथे भाकरी थापताना आईने प्रथमच सरांचा आवाज ऐकला. शाळा उघडल्या आणि तो आवाज पुन्हा भिंतीआड गेला. आता व्हॉट्सॲपचा गट असतो. त्यावर येते काय? सुटी, गणवेश, फी. शिवाय फोन बहुतेक वेळ मुलाच्याच हातात!

पालक-शिक्षक संघाचेही असेच. 2011 च्या फीसंबंधीच्या कायद्यात या संघाची कार्यकारी समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांतून उपाध्यक्ष, प्रत्येक इयत्तेतून एक पालक, आणि तीन महिन्यांतून निदान एक बैठक. पण कायदा फीचा असल्यामुळे बैठकीत चर्चाही फीचीच होते, असे आमचे निरीक्षण आहे. नववीचा पालक-प्रतिनिधी कोण, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, आम्हालाही माहीत नव्हते.

शिक्षकांवर आम्ही ओझे टाकत आहोत असा गैरसमज नसावा. एका वर्गात साठ मुले, वर निवडणूक आणि निरनिराळी सर्वेक्षणे यांची कामे, हे आम्ही जाणतो. परंतु आम्ही जे मागतो ते शाळेत तयारच असते. प्रत्येक शिक्षकाला वर्षाच्या आरंभी वार्षिक नियोजन करावे लागते. कोणत्या महिन्यात कोणता घटक, हे त्यात लिहिलेले असते. तो कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात राहतो. त्याची एक प्रत सूचनाफलकावर लावावी आणि दर महिन्याला झालेल्या धड्यांवर खूण करावी. आमची मागणी एवढीच आहे, आणि ती नम्रपणे, लेखी अर्ज देऊन करावी. भांडायला म्हणून कुणी जाऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मघापासून चुळबुळ करीत आहात. तुम्हाला वाटते, हे काका आमच्यावर पहारा बसवायला निघाले. तसे नाही. आमच्या मुलाला आम्ही मागाहून विचारले, "तेव्हाच का सांगितले नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही मार्क विचारत होता, धडा कधी विचारलाच नाही." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. त्याने पुन्हा नववी केली. यंदा तो दहावीला आहे. अर्थनियोजनाचा धडा आम्ही दोघांनी मिळून केला आणि आयकराच्या एका गणितात त्याने आमची चूक काढली.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. विहाराच्या बाहेरच्या भिंतीला एक फळा लावावा. त्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नववीच्या मुलामुलींनी आळीपाळीने प्रत्येक विषयाचा चालू धडा मोठ्या अक्षरांत लिहावा आणि जमलेल्यांना वाचून दाखवावा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल. निरनिराळ्या शाळांतली मुले असतील तर शाळेचे नाव वर घालावे. एकाच महिन्यात एक शाळा पाचव्या धड्यावर आणि दुसरी दुसऱ्यावर असेल तर तेही सर्वांना दिसेल. फळ्याचा खर्च आम्ही देतो, खडू मंडळाने द्यावेत. पहिल्या रविवारी कोण लिहिणार, त्याचे नाव आज सभा संपण्यापूर्वी सचिवांकडे द्यावे. जयभीम.