आठ माणसं, एक तास



जगात फार थोडे उरलेले प्राणी एकदा डोळ्यांनी पाहावेत म्हणून दूरचा प्रवास करणारी माणसं आता आपल्याही घरांतून निघतात. केनियाची सफारी झाली, की पुढची चौकशी रवांडाच्या गोरिलांची असते. अशा प्रवासाविरुद्ध बोलायला मी इथे उभी नाही. तो कोणत्या अटींवर करावा याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. ते मी पर्वतीय गोरिलांच्या आधाराने मांडते, कारण बाहेरून येणाऱ्या माणसांनी एका प्राण्याचं काय केलं, याचा सव्वाशे वर्षांचा हिशेब तिथे सापडतो.

रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमा जिथे भेटतात तिथे विरुंगा ही ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. १९०२मध्ये रॉबर्ट फॉन बेरिंगे हा जर्मन अधिकारी त्यातल्या साबिन्यो पर्वतावर चढत होता. त्याला हे मोठे काळे वानर दिसले आणि त्याने त्यातले दोन गोळी घालून मारले. शास्त्रज्ञांनी या गोरिलांना त्याचंच नाव दिलं. १९२१मध्ये कार्ल एकली न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी गोरिला मारायला आला. ते आजही तिथे काचेमागे उभे आहेत. पण त्यांना मारल्यावर या माणसाचं मन पालटलं. त्याने बेल्जियमच्या राजाला गळ घातली आणि १९२५मध्ये आफ्रिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान याच डोंगरांवर झालं.

उद्यान झालं तरी जंगल कमी होतच गेलं. रवांडा हा दाट वस्तीचा, शेतीवर जगणारा छोटा देश. तिथे १९६९च्या सुमारास हजारो हेक्टर जंगल पायरेथ्रमच्या फुलांच्या लागवडीसाठी तोडलं गेलं. या फुलांपासून कीटकनाशक बनतं. डायन फॉसी १९६७पासून कारिसोकेच्या छावणीत राहून गोरिलांचा अभ्यास करत होत्या. त्यांचा लाडका गोरिला डिजिट १९७७च्या शेवटच्या दिवशी आपला कळप वाचवताना शिकाऱ्यांच्या हातून मेला. त्यानंतर लवकरच उद्यानाची आणखी पाच हजार हेक्टर जमीन गुरांना चरायला देण्याची योजना पुढे आली. १९८१च्या मोजणीत विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते.

गुरांची ती योजना पुढे आली तेव्हा एमी वेडर आणि बिल वेबर या तरुण जोडप्याने सरकारपुढे वेगळा हिशेब ठेवला. गुरांपेक्षा गोरिला देशाला जास्त मिळवून देतील. थोडे कळप माणसांना सरावलेले करा, मोजक्या पाहुण्यांना आत सोडा, तिकीट लावा. १९७९मध्ये काम सुरू झालं. फॉसींना पर्यटन मुळीच मान्य नव्हतं, आणि माणसांच्या येण्याने गोरिलांना अपाय होईल ही त्यांची भीती मला आजही खरी वाटते. पण जंगल वाचलं ते या तिकिटामुळे, असं माझं मत आहे.

या तिकिटावर गोरिलांसोबत मिळणारा तास कसा असतो ते सांगते. पहाटेच ट्रॅकर वर गेलेले असतात. गोरिला रोज रात्री झोपायला पानाफांद्यांचं नवं अंथरूण करतात. कालच्या अंथरुणापासून माग काढत ट्रॅकर कळपापर्यंत पोहोचतात आणि वायरलेसवर खाली कळवतात. मग आपण बांबूच्या रानातून, अंगाला झोंबणाऱ्या खाजऱ्या झुडपांतून चढत जायचं. एका कळपाला दिवसातून एकदाच आठ माणसं भेटतात आणि तीही फक्त तासभर. काठ्या, पिशव्या मागे ठेवायच्या, तोंडाला मास्क लावायचा, दहा मीटरांचं अंतर ठेवायचं. वाटाड्या घसा खाकरल्यासारखा एक खोल आवाज काढतो. गोरिलांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा होतो. समोर पाठीवर रुपेरी केस असलेला नर रानटी सेलरीचा दांडा उपटतो, दातांनी साल सोलून फेकतो आणि आतला गर खातो. नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येक गोरिलाच्या वेगळ्या असतात. त्यावरूनच त्याची ओळख पटते. तास संपला की वाटाड्या खूण करतो आणि त्यावर घासाघीस होत नाही.

मास्क कशासाठी? गोरिलांचे आणि आपले जनुक इतके जवळचे आहेत, की आपली साधी सर्दी त्यांच्या फुप्फुसात उतरून जीव घेऊ शकते.

रवांडाने २०१७मध्ये या एका तासाचं तिकीट ७५० डॉलरवरून १५०० डॉलर केलं. म्हणजे आजचे आपले सव्वा लाखाहून जास्त. ऐकून छाती दडपते, पण मला ही किंमत योग्य वाटते. गर्दी कमी राहते, आणि उत्पन्नाचा दहा टक्के वाटा उद्यानाभोवतीच्या गावांना जातो. विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडी मिळून आता हजाराहून अधिक पर्वतीय गोरिला आहेत, आणि २०१८मध्ये त्यांचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा सुधारला. जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात पर्वतीय गोरिला नाही. जे आहेत ते या डोंगरांवरच.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणं अप्रामाणिक होईल. १९९१मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं गेलं. बहुतेकांना ना जमीन मिळाली, ना मोबदला. गोरिलांच्या यशाची गोष्ट सांगताना ही माणसं वगळली जातात, याचा मला राग येतो. आणि २०२०मध्ये करोनाने उद्यानं बंद पडली, तेव्हा ब्विंडीत चोरट्या शिकारीसाठी शिरलेल्या माणसाच्या भाल्याने राफिकी हा कळपप्रमुख नर मारला गेला. पर्यटनावर एवढं अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हे तेव्हा कळलं.

काही प्राण्यांकडे तर जाऊच नये. न्यूझीलंडचा न उडणारा काकापो पोपट ज्या बेटांवर राखला आहे, तिथे पर्यटकांना बंदी आहे आणि ती हवीच.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गोरिलांच्या डोंगरावरचीच शिस्त छोट्या प्रमाणावर दिसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये तिथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात आणि दोरीमागे उभं राहून पिल्लं समुद्राकडे जाताना पाहतात. पैसा गावात राहतो, म्हणून अंडीही सुरक्षित राहतात.

तेव्हा परदेशी सहलीचे पैसे भरण्याआधी सहल कंपनीला तीन प्रश्न विचारा. एका कळपाजवळ एका वेळी किती माणसं सोडता? अंतर किती राखता? तिकिटातला किती पैसा तिथल्या गावांना पोहोचतो? उत्तर देताना माणूस चाचरला तर दुसरी कंपनी शोधा. आणि गोरिलांकडे निघायच्या सकाळी तुम्हाला सर्दी-खोकला असेल, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण वर जाऊ नका.